अनाथोथचे खरेदीखत

बाबेलात हद्दपारीत राहणाऱ्या शमाया नावाच्या माणसाने यरुशलेमच्या सफन्या याजकाला पत्र लिहून जाब विचारला होता, की त्या अनाथोथकर यिर्मयाला तुम्ही अजून दटावले का नाही? यिर्मया हा देवाच्या नावाने बोलणारा संदेष्टा. मूळ हिब्रूत 'हा-अनाथोथी' असा एकच शब्द आहे. भाषांतरात त्याचे 'अनाथोथचा यिर्मया' होते, पण आपल्या भाषेत त्याला खरा जोड '-कर' हाच. कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, हे समजावून सांगावे लागणार नाही. पेणकर, नवगावकर, केहिमकर ही त्यांची आडनावे याच घडणीची आहेत, आणि रायगडमधली ती गावे सोडून इस्रायलला गेल्यावरही घराघरांत ती टिकली आहेत. माणूस गावातून जातो, गाव नावातून जात नाही.

अनाथोथ हे यरुशलेमपासून ईशान्येला तासाभराच्या वाटेवरचे, बन्यामीन वंशाच्या मुलखातले खेडे. हिब्रू शास्त्रात त्याचे उल्लेख थोडके आहेत. यहोशवाच्या पुस्तकात ते लेवी याजकांना गायरानांसह दिलेल्या गावांच्या यादीत येते. पुढे शलमोन राजा गादीवर आल्यावर आपल्या विरोधात गेलेल्या अब्याथार याजकाला म्हणतो, "अनाथोथला आपल्या शेतावर जा", म्हणजे राजधानीतून हाकललेल्या माणसाला पाठवण्याची ही जागा. यशयाच्या पुस्तकात शत्रूसैन्य एकेक गाव तुडवत येत असताना या गावाला 'दीन अनाथोथ' म्हणून हाक मारली आहे. हिब्रूत तिथे 'अनिया अनाथोथ' असा नादाचा खेळ आहे. नाव बहुधा अनात या कनानी देवीवरून आलेले, पण कवीच्या कानाला त्यात दैन्य ऐकू आले. मराठी वाचकाला त्याच जागी 'अनाथ' ऐकू येते. हा निव्वळ योगायोग आहे हे ठाऊक असूनही मला तो दर वेळी थांबवतो.

या गावात एका शेताची खरेदी झाली. यिर्मयाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात तिची हकिकत आहे. युद्धात उखडल्या जाणाऱ्या सामान्य माणसाचा जमिनीवरचा हक्क कोणी आणि कसा जपायचा, या आजही न सुटलेल्या सार्वजनिक प्रश्नाला हिब्रू शास्त्रातले सर्वांत थेट उत्तर मोठ्या तीर्थक्षेत्री सापडत नाही, ते या खेड्याच्या खरेदीखतात आहे, असे माझे म्हणणे आहे.

यहूदाच्या सिदकीया राजाचे ते दहावे वर्ष, इसवी सनापूर्वी ५८७च्या आसपासचे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला, तटाला मातीचे चढाव लागलेले, आत उपासमार आणि रोगराई. शहर पडणार असे उघड सांगितल्याबद्दल यिर्मया राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला, अनाथोथातले माझे शेत तू विकत घे, ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे भाऊबंद अडचणीत येऊन जमीन विकायला निघाला, तर ती घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून जवळच्या नातलगाने सोडवायची असते. पण हनामेल विकत होता ते शेत शत्रूच्या छावणीपलीकडे होते. त्यावर पाय ठेवणे विकणाऱ्यालाही शक्य नव्हते आणि घेणाऱ्यालाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अनाथोथचे लोक यिर्मयाला धमकी देतात, की देवाच्या नावाने बोलू नकोस, नाहीतर आमच्या हातून मरशील. बाराव्या अध्यायात त्याला सांगितले जाते, की तुझे भाऊ आणि तुझ्या बापाचे घराणे यांनीही तुझ्याशी दगा केला आहे. म्हणजे हा गावाच्या ओढीने केलेला व्यवहार नव्हता. ज्या गावाने जिवावर उठून त्याला नाकारले, त्याच गावात त्याने शेत घेतले.

पुढची पाच-सहा वचने कचेरीतली आहेत. सतरा शेकेल चांदी ठरली. यहूदात नाणी चालत नव्हती, चांदी तोलून द्यायची. उत्खननांत सापडलेल्या शेकेलच्या वजनांवरून हिशेब केला तर ती दोनशे ग्रॅमच्या थोडी आत भरते. यिर्मयाने खरेदीखत लिहिले, त्यावर मोहर केली, साक्षीदार बोलावले, तागडीत चांदी तोलली. मग अटी-शर्तींसह मोहरबंद केलेला दस्त आणि त्याचीच उघडी प्रत, असे दोन्ही कागद हनामेलच्या, सह्या करणाऱ्या साक्षीदारांच्या आणि चौकात बसलेल्या सगळ्या लोकांच्या देखत नेरीयाचा मुलगा बारूख याच्या हाती दिले. आणि सांगितले, की हे दोन्ही मातीच्या मडक्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखताला उभ्या राहिलेल्या कुणालाही यातले काही परके वाटणार नाही. मोबदला, अटी-शर्ती, साक्षीदार, मूळ दस्त, नक्कल. पण प्रवचनकार इथे घाईने पुढे जातात, कारण त्यांना पंधरावे वचन गाठायचे असते: "या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील." मग या प्रकरणाचे नाव 'आशा' ठेवले जाते. संकटात माणसाने आशा सोडू नये, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

मला हे वाचन अपुरे वाटते, आणि त्याचे कारण मजकुरातच आहे. यिर्मया आशेने फुलून गेलेला नाही. दस्त बारूखच्या हाती दिल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि तिच्या शेवटी जवळजवळ तक्रार करतो: शहर खास्द्यांच्या (बाबेलकरांच्या) हाती चालले आहे, आणि तू मला म्हणतोस, पैसे मोजून शेत घे, साक्षीदार ठेव! आधी सही झाली, शंका नंतर आली. त्याला उत्तर मिळते ते चव्वेचाळिसाव्या वचनात: लोक पैसे देऊन शेते घेतील, दस्त लिहून मोहर करतील, साक्षीदार बोलावतील, बन्यामीनच्या प्रदेशात, यरुशलेमच्या आसपास, यहूदाच्या गावांत, डोंगराळ भागात, तळवटीत आणि नेगेबात. देव आपले वचन देतो तेही नोंदणीच्या भाषेत! लांडगा आणि कोकरू एकत्र चरतील अशी चित्रे इतरत्र आहेत, इथे नाहीत. इथे देश पुन्हा वसल्याची खूण एकच सांगितली आहे: जमिनीचे साधे, कायदेशीर, साक्षीपुराव्याचे व्यवहार पुन्हा सुरू होतील, शहराजवळच्या मळ्यापासून वाळवंटाच्या कडेपर्यंत.

म्हणून मी या अध्यायाला आशेपेक्षा कर्तव्याचा अध्याय मानतो. राज्य बुडते आहे हे ज्याला सर्वांत आधी कळले, तोच माणूस राज्याच्या पलीकडे टिकेल असा कागद करून ठेवतो. सिदकीयाची मोहर उद्या निरर्थक होणार हे त्याला माहीत आहे. शेताचा हक्क मात्र सिदकीयाबरोबर बुडता कामा नये.

मातीच्या भांड्यात कागद ठेवणे हा भाबडेपणा नव्हता. मृत समुद्राजवळच्या गुहांतून १९४७ पासून जी हस्तलिखिते बाहेर आली त्यांतली काही अशाच भांड्यांत दोन हजार वर्षे राहिली होती. दोन प्रतींची रीतही पुढे शतकानुशतके चालली. यिगाएल यादिन यांच्या पथकाला १९६१ मध्ये नहाल हेवेरच्या गुहेत बाबथा नावाच्या ज्यू बाईचे दप्तर सापडले: पस्तीसेक कागद, खजुरीच्या बागांचे, लग्नाचे, पोरक्या मुलाच्या पोटगीचे. त्यांत एकाच पानावर मजकूर दोनदा लिहिलेले दस्त आहेत, वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने बांधलेला, खालचा उघडा, पाठीवर साक्षीदारांच्या सह्या. उघड्या मजकुरात कुणी फेरफार केला, तर बांधलेला भाग सोडून पाहायचा. रोमविरुद्धच्या बंडाच्या धामधुमीत, इसवी सन १३२ नंतर, ती हे दप्तर घेऊन गुहेत लपली असावी. दागिने नेले असते तरी चालले असते, तिने कागद नेले. घरदार सोडून पळणाऱ्या बाईला काय महत्त्वाचे वाटते, याचा यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही.

याउलट यरुशलेममध्ये जे घडले तेही पाहण्यासारखे आहे. दावीदनगराच्या उत्खननात १९८२ मध्ये यिगाल शिलो यांना बाबेली विध्वंसात जळालेल्या एका घरात मातीच्या एक्कावन्न मोहरा मिळाल्या. ज्या कागदांवर त्या लावल्या होत्या ते जळून गेले, आणि त्याच आगीत भाजल्यामुळे मोहरा टिकल्या. त्यांतली एक शाफानाचा मुलगा गमऱ्या याची आहे. हे नाव यिर्मयाच्या पुस्तकात आहे. त्याच टेकडीवर पुढे एलात माझार यांना युकाल आणि गदल्या यांच्या मोहरा मिळाल्या. यिर्मयाला मारून टाका अशी मागणी राजाकडे करणाऱ्यांत अडतिसाव्या अध्यायात ही दोन्ही नावे येतात. दरबाऱ्यांच्या मोहरा सापडल्या, त्यांनी मोहरबंद केलेले काहीही उरले नाही. ती कुणाची शेते होती, कुणाची कर्जे, कुणाच्या मुलींची लग्ने, सगळे गेले. राजधानीत ठेवलेले दप्तर राजधानीबरोबर जळते. बारूखला दिलेल्या आज्ञेतला शहाणपणा मला इथे दिसतो.

आता राजकीय वाचनाकडे येतो. काही लोक या अध्यायाकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, ही जमीन आमच्या पूर्वजांनी पैसे मोजून घेतली होती. असा युक्तिवाद नवा नाही. उत्पत्तीवरच्या एका जुन्या रब्बी भाष्यात तीन जागा सांगितल्या आहेत, ज्या तुम्ही चोरल्या असे जगातली राष्ट्रे इस्राएलाला म्हणू शकणार नाहीत: अब्राहामाने चारशे शेकेल देऊन घेतलेली मकपेलाची गुहा, दावीदाने घेतलेली मंदिराची जागा आणि याकोबाने शखेमजवळ घेतलेले रान, जिथे योसेफाची कबर आहे. आज हेब्रोन, यरुशलेमची टेकडी आणि नाब्लस ही तिन्ही नावे वाचली की पावत्यांचे काय झाले ते कळते. एका कुटुंबाने एका माणसाकडून घेतलेल्या जागेची पावती संपूर्ण राष्ट्राचा झेंडा बनली, आणि झेंड्याशी हुज्जत घालता येत नाही. अनाथोथचे शेत त्या यादीत नाही. ते फार लहान होते, तिथे कुणी पूर्वज पुरलेला नव्हता. म्हणूनच ते अजून पावतीच राहिले आहे, आणि पावती काय सिद्ध करते हे आपण नीट वाचू शकतो. ती एवढेच सिद्ध करते, की शल्लूमच्या मुलाने हिल्कीयाच्या मुलाला एक शेत विकले. शेजारच्या शेताबद्दल ती गप्प आहे.

यावर कुणी म्हणेल, की याच शास्त्रात यहोशवा आहे, तलवारीने घेतलेली नगरे आहेत, आणि अनाथोथही लेव्यांना मिळाले ते त्याच विजयाच्या वाटपात. हे खरे आहे, आणि मी ते झाकणार नाही. हिब्रू शास्त्र एका आवाजात बोलत नाही. पण वचन दिलेल्या भूमीतही अब्राहाम हित्ती लोकांपुढे वाकून पूर्ण किंमत मोजतो, अरवनाने मंदिराच्या जागेचे खळे फुकट देऊ केले तरी दावीद पन्नास शेकेल देतो, आणि यिर्मया सतरा. हा धागा यहोशवाच्या पुस्तकाइतकाच त्या शास्त्राचा आहे. देवाने दिले म्हणून शेजाऱ्याला किंमत देण्यातून सुटका होत नाही, असे तो सांगतो. कोणता धागा धरायचा याची जबाबदारी धरणाऱ्यावर आहे.

मोहर आणि साक्षीदार असले की न्याय झाला, असेही शास्त्र मानत नाही. इज्रेलच्या नाबोथाने वाडवडिलांचा द्राक्षमळा अहाब राजाला विकायला नकार दिला. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाची मोहर लावली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी मारवले. पत्र, मोहर, साक्षीदार: अनाथोथच्या व्यवहारातली तीच सामग्री. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरला तेव्हा एलीया त्याच्यासमोर उभा राहिला आणि विचारता झाला, खूनही केलास आणि ताबाही घेतलास? हाच तो एलियाहू हन्नाबी, ज्याच्या नावाने कोकणातले बेने इस्राएल आजही मलिद्याचे ताट मांडतात. इज्रेलात मोहर राजवाड्याच्या हातात होती. अनाथोथच्या खतावर ती एका कैद्याने लावली, आणि चौकातल्या सगळ्यांना बघू दिली.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र यिर्मयाच्या पुस्तकातच पुढे उभा राहतो. एकोणचाळिसाव्या अध्यायात शहर पडल्यावर बाबेलचा सरदार नबूजरदान, ज्यांच्याजवळ काहीच नव्हते अशा गरिबांना मागे ठेवतो आणि त्यांना द्राक्षमळे व शेते देतो. हे वाक्य मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचले तेव्हा माझ्या आधीच्या सगळ्या मांडणीला हादरा बसला. पन्नास वर्षे ज्याने ती जमीन नांगरली, त्याच्यापुढे बाबेलहून परतलेल्याने मडके फोडून कागद धरला, तर न्याय कुणाच्या बाजूला? कसेल त्याची जमीन ही घोषणा मनात घेऊन वाढलेल्या मराठी माणसाला, १९५७चा कृषक दिन ज्याच्या घरात ऐकून माहीत आहे त्याला, या प्रश्नाचे उत्तर पटकन 'कागदाच्या' असे देता येणार नाही. यहेज्केलाच्या अकराव्या अध्यायात हा वाद प्रत्यक्ष ऐकू येतो: मागे राहिलेले म्हणतात, ते लोक परमेश्वरापासून दूर गेले, हा देश आम्हाला वतन मिळाला आहे. यहेज्केल स्वतः हद्दपार झालेल्यांपैकी होता, त्यामुळे त्याचा कौल त्यांच्या बाजूने आहे. पण गरिबांची बाजू त्याच्याही पुस्तकातून पुसली गेली नाही.

माझे उत्तर असे आहे, की खरेदीखत हा वाद मिटवत नाही, तो वाद माणसांच्या पातळीवर ठेवतो. कागद असला की एक विशिष्ट माणूस दुसऱ्या विशिष्ट माणसासमोर उभा राहतो. मग भरपाई, वाटणी, बदली जमीन, कुळाचा हक्क, वर्षांचा हिशेब, सगळे शक्य होते. कागद नसला की दोन जमाती समोरासमोर उभ्या राहतात, आणि त्यांच्यात चांदी तोलता येत नाही.

कागद नसलेल्यांचे काय, हा आक्षेप त्याहून कडवा आहे, आणि तोही शास्त्रातच आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची मोजदाद आहे. अनाथोथचे १२८ पुरुष परत आले, बेथलेहेमचे १२३. त्याच अध्यायाच्या शेवटी ६५२ लोक असे आहेत, ज्यांना आपण इस्राएलाचेच आहोत हे वंशावळीने दाखवता आले नाही, आणि काही याजक नोंद न सापडल्यामुळे याजकपणातून वगळले गेले. बेने इस्राएलांना हा अध्याय अंगावर झेलावा लागला. शतकानुशतके शनिवार पाळत कोकणात राहिलेल्या या लोकांच्या लग्नांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी, असा निर्देश इस्रायलच्या मुख्य रब्बींनी १९६२ मध्ये काढला. शनिवारी बंद राहणारा गावातला तेलाचा घाणा, घरातली सुंता, दारावरचा एलियाहूचा मान यांची नोंद कुणाच्या दप्तरात असणार? त्यांनी आंदोलन केले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ते सर्व बाबतींत समान ज्यू आहेत असे ठरावाने म्हटल्यावर तो निर्देश बदलला गेला. म्हणून मी कागदाला देव मानत नाही. अनाथोथच्या व्यवहारातही कागद एकटा नव्हता. विकणारा हजर होता, साक्षीदार होते, चौकात बसलेली सगळी माणसे होती. लोकांची आठवण हा तिथे पुराव्याचाच भाग आहे.

आज त्या जागी अनाता नावाचे पॅलेस्टिनी गाव आहे. एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने १८३८ मध्ये नावावरूनच ते अनाथोथ म्हणून ओळखले. जुनी वस्ती जवळच्या टेकडीवर असावी असेही काही जण मानतात. अडीच हजार वर्षांत भाषा बदलली, धर्म बदलला, नाव जवळजवळ तेच राहिले, आणि नाव टिकवले ते तिथे राहणाऱ्यांनी. १९६७ च्या युद्धानंतर हा प्रदेश इस्रायलच्या ताब्यात आला. १९७५ नंतर वसलेल्या माले अदुमीमसाठी घेतलेल्या जमिनींत अनाताच्याही जमिनी होत्या. जवळच १९८०च्या दशकात वसवलेल्या इस्रायली वसाहतीला अनातोत म्हणतात. तिचे अधिकृत नाव अल्मोन, यहोशवाच्या यादीत अनाथोथच्या शेजारी लिहिलेल्या गावाचे. अनाता आणि यरुशलेम यांच्यामध्ये आता भिंत आहे. तासाभराची ती वाट यिर्मयालाही आज सरळ चालता आली नसती.

जमिनीच्या हक्काची शिस्तशीर नोंदणी तिथे ब्रिटिशांनी १९२८ मध्ये सुरू केली आणि पुढे जॉर्डनने चालवली. १९६७ पर्यंत ती वेस्ट बँकेच्या (जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्याच्या) साधारण एक तृतीयांश जमिनीपर्यंतच पोचली होती. १९६८ मध्ये इस्रायलच्या लष्करी आदेशाने ती थांबवली गेली. तुर्कांच्या काळात करवसुली आणि सैन्यभरती चुकवण्यासाठी शेतकऱ्यांनी जमीन कमी दाखवली होती किंवा दाखवलीच नव्हती. मग १८५८च्या तुर्की कायद्यातले पडीक जमिनीचे कलम पुढे करून १९७९ नंतर मोठमोठे पट्टे सरकारी जाहीर झाले. यिर्मयाच्या चव्वेचाळिसाव्या वचनाशी हे ताडून पाहा. देश पुन्हा वसल्याची जी खूण तिथे सांगितली आहे, ती बन्यामीनच्या त्याच टेकड्यांवर आदेश काढून बंद केली गेली. मी हे इस्रायलवरचा राग म्हणून लिहीत नाही. जे राज्य यिर्मयाला आपला म्हणते, त्याला त्याच्याच कागदावरून प्रश्न विचारण्याचा हक्क वाचकाला आहे.

आणि हा प्रश्न एकाच दिशेने विचारायचा नाही. बाबेलच्या हद्दपारीपासून सलग अडीच हजार वर्षे ज्या ज्यूंची वस्ती इराकात होती, त्यांतल्या सुमारे सव्वा लाख लोकांना १९५०-५१ मध्ये देश सोडावा लागला. त्यांना नेणाऱ्या विमानमोहिमेचे नाव होते एज्रा आणि नहेम्या. नागरिकत्व सोडण्याची नोंद करून लोक थांबलेले असताना मार्च १९५१ मध्ये इराकी सरकारने कायदा करून त्यांची मालमत्ता गोठवली. बगदादमधले घर, दुकान, खजुरीची बाग, यांचे कागद कुणाच्या मडक्यात गेले? १९५०चाच इस्रायलचा अनुपस्थितांच्या मालमत्तेचा कायदा पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरांबद्दल आणि शेतांबद्दल तेच करत होता. एका बाजूचे नुकसान दुसऱ्याच्या नुकसानातून वजा करायचे, अशी भाषा तेव्हापासून चालू आहे. मला ती मूळातच चुकीची वाटते. बगदादच्या घरमालकाचे येणे अनाताच्या शेतकऱ्याकडून वसूल होत नाही. हनामेलने शेत विकले ते यिर्मयाला, आणि चांदी मिळाली ती हनामेलला. दोन्ही नावे कागदावर आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या समेट आयोगाने १९५०च्या दशकात ब्रिटिश काळातली जमीन-दप्तरे मायक्रोफिल्मवर घेतली आणि १९६४ पर्यंत इस्रायलमधल्या अरब निर्वासितांच्या मालमत्तांची एकेका तुकड्यागणिक मोजणी पुरी केली. राजकारणाने त्या नोंदींचा अजून काही उपयोग केलेला नाही, तरी त्या आहेत. असेच काम बगदाद, कैरो, हेब्रोन, अनाता या सगळ्यांसाठी व्हायला हवे: एकेका शेताची, एकेका नावाची नोंद, तिची दुसरी प्रत युद्धाच्या आवाक्याबाहेर, आणि कागद नसेल तिथे शेजाऱ्यांची साक्ष लिहून घेतलेली. करार कधी होईल ते होवो. कराराच्या दिवशी कागद शोधायला निघालेल्या माणसाला तो मिळत नाही.

यिर्मयाने ते शेत पाहिले का? खरेदीच्या आधी वेढा काही काळ उठला होता, तेव्हा तो बन्यामीनच्या मुलखात जमिनीतल्या आपल्या वाट्यासाठी निघाला होता, असे सदतिसाव्या अध्यायात आहे. बन्यामीन वेशीवरच पहाऱ्याच्या अंमलदाराने त्याला फितूर म्हणून धरले, मार बसला, आणि तिथूनच त्याची कैद सुरू झाली. शहर पडल्यावर त्याची सुटका झाली, पण पुढे लोकांनी त्याला आणि बारूखला सोबत घेऊन मिसर गाठले. सोळाव्या अध्यायात त्याला आज्ञा झालेली आहे, की या ठिकाणी बायको करू नकोस, तुला मुलगे-मुली होऊ नयेत. सतरा शेकेल तोलताना हे त्याला ठाऊक होते. ज्या शेताचे खत त्याने इतक्या काळजीने मडक्यात ठेवायला सांगितले, त्या शेताला त्याच्यामागे वारस नव्हता.